टॅब वाटले, फोटो निघाला. आता चार्जर कोण देणार?

पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा. वाचून राग आला तर तो माझ्यावर काढा, कुठल्या शाळेच्या हेडमास्तरांवर काढू नका. त्यांनी मला काही सांगितलेलं नाही, जे दिसलं ते मी लिहितोय.

जून उजाडला की आपल्या रावेर तालुक्यात दोन गोष्टी ठरलेल्या. केळीच्या भावाची बोंब आणि शाळांमधलं वाटप. पूर्वी वह्या-दप्तरं वाटायचे, आता टॅब, स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर. फोटो मात्र तोच. मागे बॅनर, बॅनरवर आठ चेहरे, पुढे शाल-श्रीफळ. मधे चौथीतली एक मुलगी, हातात टॅबचा खोका. खोका एक आणि त्याला धरलेले हात अकरा. मुलीचा चेहरा कुणाच्या तरी कोपराआड गेलेला. खाली मजकूर: ग्रामीण विद्यार्थी आता डिजिटल प्रवाहात!

प्रवाहात म्हणे. त्या वस्तीवर प्रवाह म्हणजे लाईट, आणि ती शाळा भरायच्या वेळेलाच जाते.

देणाऱ्यांच्या मनावर मी शंका घेत नाही. स्वतःच्या खिशातले पैसे घालणारे लोक आहेत, दुकान बंद ठेवून येणारे लोक आहेत. माझं भांडण वेगळं आहे. गरीब पोरं तंत्रज्ञानात मागे पडतात ती वस्तू नाही म्हणून जेवढी, त्याच्यापेक्षा जास्त त्या वस्तूच्या मागे माणूस नाही म्हणून. आणि आपल्याकडच्या संस्था, क्लब, प्रतिष्ठानं, फाउंडेशन, सगळ्याला पैसे देतात, फक्त माणसाला देत नाहीत.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका दोनशिक्षकी शाळेतलं कपाट बघितलं. गावाचं नाव लिहिणार नाही. कपाटात बारा टॅब. चार्जर तीन. चार टॅबच्या बॅटऱ्या फुगून पाठी उघडलेल्या. एकाला पिन टाकलेला, तो पिन कोणाला माहीत नाही, कारण तो टाकला दाखवायला आलेल्या कंपनीच्या पोराने, आणि तो पोरगा परत फिरकला नाही. सगळ्या टॅबवर एक गोष्ट मात्र शाबूत: देणाऱ्याचं स्टिकर. भिंतीवर टीव्ही, त्याला झालरीचं कव्हर, कव्हरवर धूळ. मास्तर म्हणाले, 'चालू आहे साहेब, फक्त रिचार्ज संपलाय.' रिचार्ज कधी संपला ते मी विचारलं नाही. विचारण्यात अर्थ नव्हता.

आता म्हणाल, शाळेने दुरुस्त करून घ्यावं. कशातून? समग्र शिक्षाच्या निकषात ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. पट ३१ ते १०० असेल तर २५,०००. त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचा. उरलेल्यात खडू, रजिस्टर, नळाची तोटी, फुटलेलं कौल, वीजबिल. आपण दिलेल्या टीव्हीने बिल वाढतं ते कोण भरणार? आपण देणगी म्हणून जे देतो ते शाळेच्या दृष्टीने कायमचा खर्च असतं. घरी हत्ती आणून बांधायचा आणि चाऱ्याचं तुमचं तुम्ही बघा म्हणायचं, तसलं हे दान.

आणि शिक्षक? दोन शिक्षक, पाच वर्ग. त्यात पोषण आहाराचा हिशेब, बीएलओचं काम, रोज नवीन ऑनलाइन माहिती. तो माणूस बारा टॅब चार्जिंगला लावून, अपडेट करून, पाचवीच्या पोराला त्यावर भागाकार शिकवेल, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने एक आठवडा शाळेत येऊन बसावं.

आता मूळ प्रश्न. दरी नेमकी कुठे आहे? ते न बघता वाटप चालतं म्हणून माझा जास्त जीव जळतो.

फोन आता घरोघर आहे, सातपुड्यातही. असरच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. पण आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला म्हणणारे ५७ टक्के, आणि सोशल मीडियासाठी वापरला म्हणणारे ७६ टक्के. ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन असलेली मुलं ३६ टक्के, मुली २७ टक्के. म्हणजे वस्तू बऱ्यापैकी पोचली. तिचं काय करायचं हे सांगणारं कोणी पोचलं नाही. आणि घरातला एकच फोन असेल तर तो सकाळी बापासोबत केळी कापायला जातो, संध्याकाळी भावाच्या हातात जातो. मुलीची पाळी येते तेव्हा बॅटरी चार टक्के.

दुसरी गोष्ट. मे २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाइन केले. आधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरांकडे होती, आता पालच्या पोरालाही तीच. २१ मेला पोर्टल उघडलं आणि पहिल्याच दिवशी बसलं. नोंदणी परत सुरू झाली २६ मेला. शहरातला मुलगा घरी लॅपटॉपवर पान पुन्हा पुन्हा उघडून बघत बसला. पाड्यावरचा मुलगा? तो भाडं खर्चून रावेरला आला, नेट कॅफेवर रांगेत उभा राहिला, 'सर्वर डाऊन' ऐकून परत गेला. बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी.

त्या फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम टाकायचे असतात. ते कोण टाकतं? बऱ्याचदा कॅफेवाला. त्याच्यामागे पंधरा जण उभे, तो काय विचार करणार! ओटीपी जातो काकाच्या नंबरवर, काका सुरतला. नवोदयचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, महाडीबीटी, जातीचा दाखला, सगळीकडे हीच तऱ्हा. आधारला बँक जोडलेली नाही म्हणून आलेली शिष्यवृत्ती अडकते, आणि घरी समजतं की आपल्याला मिळालीच नाही.

तिसरी. एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर आहे, जेईई मेनही कॉम्प्युटरवरच. बारावीपर्यंत माऊसला हात न लावलेली पोरगी साठ-सत्तर किलोमीटरवर जळगावला जाते, समोर स्क्रीन, कोपऱ्यात घड्याळ पळतंय, नव्वद मिनिटांचा पेपर. गणित तिला येतं. पण पुढच्या प्रश्नावर कसं जायचं, सोडलेल्या प्रश्नावर परत कसं यायचं, ते ती परीक्षेतच शिकते. दहा सराव पेपर कॉम्प्युटरवर सोडवायला मिळाले असते तर हा प्रश्नच नव्हता. त्यासाठी नवा टॅब लागत नाही. एखाद्या हायस्कूलचे जुने आठ कॉम्प्युटर, शनिवारची दुपार आणि शेजारी बसणारा एक माणूस लागतो.

सांगा भो, गेल्या पाच वर्षांत आपल्या तालुक्यात याच्यासाठी किती बॅनर लागले?

यंत्र आलं की शिक्षण आपोआप येईल, हा भ्रम आपल्या गावचा नाही, तो जगाचा आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकेतून निघालेली मोहीम आठवते का? भारत सरकारने २००६ मध्ये तिला नकार दिला. तरी २००७ मध्ये तिचा देशातला पहिला प्रयोग महाराष्ट्रातच झाला, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट धनगरवाड्यावर. मुलं २२, शिक्षक एक, हिरवे-पांढरे लॅपटॉप. पत्रकार येऊन गेले. देशभर ती योजना काही पसरली नाही. मग ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने स्वतःच आकाश टॅब आणला, जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून गाजावाजा केला. तुमच्या ओळखीत एकाकडे तरी चालू आकाश असेल तर सांगा, मी बघायला येतो.

पेरू देशाने ते लॅपटॉप लाखोंनी घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. लॅपटॉप भरपूर पोचले, वापरही वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. तिथली मुलं काय मठ्ठ होती? शिकवण्याची रीत बदललीच नव्हती. वहीच्या जागी स्क्रीन आली एवढंच.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचं. २०१५ मध्ये तिथे माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरची नीट परीक्षा झाली, चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली. सरकारी शाळांतली मुलं शाळा सुटल्यावर केंद्रावर यायची, आठवड्यात सहा दिवस, दीड तास. त्यातली ४५ मिनिटं कॉम्प्युटरवर, जिथे मूल सहावीत असलं तरी चौथीचं गणित येत नसेल तर चौथीपासून सुरू. उरलेली ४५ मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटात एक शिकवणारा माणूस. साडेचार महिन्यांत गणितातली प्रगती चिठ्ठी न लागलेल्या मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. आपल्याकडचे लोक यातला पहिला भाग विकत आणतात, दुसरा सोडून देतात. शिकवणाऱ्या माणसाला बॅनरवर चढवता येत नाही ना.

महाराष्ट्रातलं बघायचं तर पाबळला जाऊन या. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, दुष्काळी गाव. डॉ. श्री. शं. कलबाग मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली, नापास झालेली पोरं घेतली. त्यांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेतीतली यंत्रं हाताने करायला लावली, आणि ते काम गावाच्या गरजेचं ठेवलं. गावाने पैसे मोजून करून घ्यावं असं काम. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब सुरू झाली, त्यांच्या आवाराबाहेरच्या जगातल्या पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक. पाबळला! त्याआधी तिथे जवळजवळ वीस वर्षं माणसं राबत होती म्हणून यंत्र तिथे रुजलं. आपल्याकडे यंत्र आधी येतं आणि माणसं उद्घाटनापुरती येतात.

आणि फार पैसा लागतो असंही नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पालघरच्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने बोलकी शाळा चालवली. नेट नाही, फोन नाहीत, मग धडे रेकॉर्ड करायचे आणि लाऊडस्पीकरवर झाडाखाली ऐकवायचे, कार्यकर्ते मुलांबरोबर बसायचे. लाऊडस्पीकर! आपल्याकडे तर तो गणपतीपासून लग्नापर्यंत गल्लोगल्ली पडलाय. त्याच वर्षी सिंधुदुर्गात एका मुलीला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून बसावं लागलं, तिचं कौतुक अख्ख्या राज्याने केलं. मला त्या कौतुकाची लाज वाटली होती. पोरीच्या जिद्दीचं नाव घ्यायचं आणि रेंज न देणाऱ्यांना मोकळं सोडायचं.

आपल्या जिल्ह्यातही माणसावर खर्च करणारे आहेत, नाही असं नाही. जळगावला दीपस्तंभचं मनोबल आहे, दिव्यांग, अनाथ, आदिवासी मुलांना निवासी ठेवून शिकवतात. एका दिवसाचं काम नाही ते. मुलगा आत आला की त्याच्या जेवणापासून परीक्षेपर्यंत जबाबदारी. सगळ्यांनी एवढं मोठं करावं असं म्हणत नाही मी. पण जबाबदारी एका दिवसाहून मोठी असते एवढं तरी तिथून उचला.

आता उत्तरं येतील ती मला माहीत आहेत.

पहिलं: 'सीएसआरचा पैसा वस्तूंनाच मिळतो, पगाराला मिळत नाही.' हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की लोकांना ते खरंच वाटायला लागलंय. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. त्याचे नियम काढून वाचा. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या प्रशासकीय खर्चावर. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा, त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे पाड्यावर जाऊन शिकवणाऱ्या मुलीचं मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे. आणि चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालवता येतो, हेही नियमातच आहे. कायदा आडवा येत नाही. मार्चअखेर बिल जोडायला टॅबचं सोपं, माणसाचं अवघड, खरं कारण ते आहे.

दुसरं: 'हे सरकारचं काम आहे.' शंभर टक्के. सरकारनेही तेच केलं म्हणून तर इथे आलोय. आयसीटी योजनेत राज्यातल्या हजारो माध्यमिक शाळांना कॉम्प्युटर लॅब मिळाल्या. कंत्राटदाराने लॅब बांधायची, पाच वर्षं चालवायची, मग शाळेकडे सोपवायची. पाच वर्षं झाली, करार संपले, संगणक शिक्षक घरी गेले. त्यांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. लॅब शाळांकडे आल्या, चालवणारा नाही. शेजारी नाही पण दोन राज्यं खाली केरळ बघा. तिथे सरकारनेच शिक्षकांमधला एक जण शाळेचा आयटी समन्वयक केला, आणि २०१८ पासून हायस्कूलच्या मुलांचे 'लिटल काइट्स' नावाचे गट केले. शाळेतली यंत्रं सांभाळण्यात ही मुलंच हात लावतात. आपली पोरं काय कमी आहेत? रावेरला, सावद्याला, फैजपूरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सतरा-अठरा वर्षांची पोरं बसून मदरबोर्डवर डाग देतायत. शाळेच्या कपाटातले टॅब दाखवायला त्यांना कोणी बोलावलं का कधी?

संस्थांनी सरकारची जागा घेऊ नये, सरकारच्या मागे लागावं. शाळांचं वीजबिल कोण भरतं, लॅबला शिक्षक का नाही, हे जिल्हा परिषदेला, आमदार-खासदारांना विचारणारी एक तरी संस्था दाखवा. विचारणार कसे, तेच तर उद्घाटनाला असतात.

तिसरं उत्तर सगळ्यात लाडकं: 'तू काय केलं? ते निदान काहीतरी देतात.' देतात ना. पण बंद पडणारी वस्तू नुसती बंद पडत नाही. ती पोराला शिकवते की हे आपल्यासाठी नाही, हात लावला तर बिघडतं, मास्तर ओरडतात. कपाटात कुलूपबंद टॅब बघत जे मूल चार वर्षं शाळा शिकलं, त्याला तंत्रज्ञानाबद्दल काय समजलं असेल ते तुम्हीच सांगा.

मग करायचं काय? हिशेब साधा ठेवतो. समजा एका संस्थेकडे दोन लाख आहेत. दहा हजाराचे वीस टॅब येतील, एक दिवस फोटो येईल. त्याच पैशात गावातल्याच एका पदवीधर मुलीला महिना आठ हजार देऊन दोन वर्षं कामाला ठेवता येतं, एक लाख ब्याण्णव हजार होतात, उरलेल्या आठ हजारात चार्जर आणि वायरी. आठवड्याचे पाच दिवस पाच शाळा. जे कपाटात पडलंय तेच आधी चालू करायचं. नवीन काही घ्यायचं नाही. तिला पावरी, तडवी बोली येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पहिलीतल्या पोराला पुस्तकातली मराठीच परकी असते. टॅबमधली बाई त्याला ती मराठी आणखी वेगात ऐकवते. एक तास फक्त मुलींचा ठेवा, त्या तासात यंत्राला मुलग्यांनी हात लावायचा नाही. आणि मे-जून दोन महिने त्या पोरीला फॉर्मच्या कामाला बसवा, गावातच, ग्रामपंचायतीच्या खोलीत. कोणत्या कॉलेजला एसटी जाते, कुठे हॉस्टेल आहे, हे समजावून पसंतीक्रम भरा. ओटीपी आईच्या नंबरवर येऊ द्या. फैजपूरला इंजिनीअरिंग कॉलेज आहे, तिथली पोरं शनिवारी सीईटीच्या सरावाला यायला तयार होतील, कोणी नीट विचारलं तर.

वस्तूच द्यायची असेल तरी द्या, पण सोबत एका कागदावर लिहून द्या: तीन वर्षं बिघाड आला तर कोणाला फोन करायचा, रिचार्ज कोण करणार, बॅटरी कोण बदलणार. खाली अध्यक्षांची सही आणि मोबाईल नंबर. आणि हेडमास्तरांनो, तुम्हाला हात जोडून विनंती, असा कागद मिळाल्याशिवाय हार-तुऱ्याची तयारी करू नका. 'नको' म्हणायची सोय तुम्हालाही आहे. देणगी नाकारली म्हणून कोणी सस्पेंड होत नाही.

बॅनरचं म्हणाल तर बॅनर लावा ना, मी स्वतः येतो लावायला. 'आमच्या संस्थेमुळे यंदा या पाड्यावरच्या इतक्या पोरांचे अकरावीचे फॉर्म बरोबर भरले गेले.' आकडा टाका. फोटो नसला तरी चालेल.

आता काम. तुमच्या गावच्या शाळेत टीव्ही, टॅब, कॉम्प्युटर, प्रोजेक्टर बंद पडून असेल तर खाली लिहा: गाव, वस्तू, अंदाजे कधीपासून बंद, बिघाड काय. देणाऱ्याचं नाव लिहू नका, कोणाची अब्रू काढायची नाही. शिक्षकांनी नावानिशी लिहायची गरज नाही, मेसेज केला तरी चालेल. यादी झाली की दुरुस्तीवाल्या दोन पोरांना घेऊन एकेक शाळा करायची आहे, पालकडून सुरुवात. चार्जर घरात फालतू पडले असतील ते बाजूला काढून ठेवा, सी-टाईप आणि जुन्या बारीक पिनचे दोन्ही.